दाराबाहेर बसून वाचलेली पुस्तकं

फ्रीमेसन किंवा नुसतं मेसन, म्हणजे शपथ आणि दीक्षा घेऊन एकमेकांना बंधू मानणाऱ्यांची ती जुनी संघटना, तिचं नाव काढलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात, एक ते गुण्या आणि कंपासचं चिन्ह आणि दुसरी म्हणजे जगाचा कारभार पडद्याआडून चालवणारी कसलीतरी मंडळी. मी त्यांची जुनी पुस्तकं जमवते हे नात्यात, ऑफिसात आता सगळ्यांना माहितीये, त्यामुळे लग्नाकार्यात कुणी ना कुणी जवळ सरकून विचारतंच, "मग काय गं, कळलं का गुपित?" मी खरं तेच सांगते, गुपितासाठी मी ही पुस्तकं घेत नाही. त्यांचे परवलीचे शब्द, हात मिळवायच्या खुणा, दीक्षेच्या वेळचे प्रश्न आणि उत्तरं हे सगळं १७३० सालापासून बाजारात छापील मिळतंय. सॅम्युएल प्रिचर्ड नावाच्या माणसाने त्या साली लंडनमध्ये 'मेसनरी डिसेक्टेड' म्हणून एक पातळ चोपडं काढलं, मी स्वतः मेसन होतो आणि हे शपथेवर सांगतोय असं म्हणून, आणि ते इतकं खपलं की आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. लॉजमधल्या, म्हणजे मेसन मंडळींच्या स्थानिक शाखांमधल्या, लोकांनी त्याला खूप शिव्या घातल्या. आणि मग त्यांच्यातलेच कितीतरी जण पाठांतर पक्कं करायला तेच चोपडं वापरायला लागले, कारण दुसरं काही छापील नव्हतंच ना!

मला ओढ लागली ती इथेच. लिहायचं नाही, छापायचं नाही, कोरायचं नाही अशी शपथ घेणारी माणसं, आणि त्यांच्यावर आणि त्यांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं किती, तर जर्मनीत ऑगस्ट वोल्फश्टीग म्हणून एक ग्रंथपाल होता त्याने १९११ ते १९१३ मध्ये नुसती यादी केली तर ती चाळीस हजारांच्या वर गेली. न लिहिण्याची शपथ घेतलेल्या लोकांनी एवढं का लिहिलं असेल? मला वाटतं माणसाला जे महत्त्वाचं वाटतं ते विसरलं जाईल ही भीती शपथेपेक्षा मोठी असते.

मूळ पुस्तक म्हणजे जेम्स अँडरसनचं 'कॉन्स्टिट्यूशन्स', १७२३ चं. हा स्कॉटिश पाद्री. त्याची अस्सल पहिली आवृत्ती माझ्यासारखीला परवडणारी नाही, माझ्याकडे आहे ती फॅक्सिमिली, म्हणजे हुबेहूब छापलेली नक्कल, पण जॉन पाइनने कोरलेलं पहिलं चित्र तीतसुद्धा छान उठलंय: एक ड्यूक दुसऱ्या ड्यूकच्या हातात घटनेची गुंडाळी देतोय, मागे खांबांची रांग आणि खाली जमिनीवर भूमितीची आकृती, आपण शाळेत पायथागोरस म्हणून शिकलो तीच. पुढे जो इतिहास दिलाय तो थेट आदमपासून सुरू होतो, म्हणे आदमच्या हृदयावरच भूमिती लिहिलेली होती. इतिहास म्हणून त्याला काही किंमत नाही. पण नंतरची, १७३८ ची आवृत्ती शेजारी ठेवून वाचली की मजा येते. २४ जून १७१७ ला लंडनमधल्या चार लॉज 'गूज अँड ग्रिडायरन' नावाच्या पबमध्ये एकत्र आल्या आणि पहिली ग्रँड लॉज, म्हणजे सगळ्या लॉजच्या वरची संस्था, स्थापन झाली, ही जी गोष्ट जगभर सांगतात, ती १७२३ च्या आवृत्तीत नाहीच! ती पहिल्यांदा येते १७३८ मध्ये, म्हणजे घटनेनंतर एकवीस वर्षांनी. त्यामुळे आता काही इतिहासकार त्या तारखेवरच शंका घेतायत, १७२१ असावं म्हणतात. एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या कशाला घेता असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगते.

१७२३ च्या त्या पुस्तकात सहा नियम आहेत, चार्जेस म्हणतात त्यांना. पहिला देव आणि धर्माबद्दल, की मेसन माणसावर एवढंच बंधन असावं की ज्या धर्माबद्दल सगळ्या माणसांचं एकमत आहे तो पाळावा, बाकीची मतं ज्याची त्याच्यापाशी. धर्मावरून रक्त सांडलेल्या इंग्लंडमध्ये, त्या काळात, हे छापायचं म्हणजे खरंच धाडस. आणि तिसरा नियम सांगतो कोणाला घ्यायचं ते. माणूस चांगला आणि सच्चा असावा, जन्माने स्वतंत्र असावा, वयाने जाणता असावा. गुलाम नको, बाई नको, बदनाम माणूस नको.

बाई नको. मी बाई आहे, आणि ही पुस्तकं जमवते. 

आमच्या घरी आजोबा दादाला रुद्राची संथा द्यायचे, मुंजीनंतर, रोज सकाळी ओसरीवर बसून. मी माजघरात तांदूळ निवडत बसलेली असायचे आणि मला सगळं ऐकू यायचं, कुठे स्वर चढवायचा, कुठे थांबायचं, दादा कुठे चुकणार हे मला त्याच्या आधी कळायचं. आजोबा वाईट नव्हते, त्यांचा माझ्यावर जीव होता, पण मला ओसरीवर बोलवायचं हे त्यांच्या मनातच आलं नाही कधी. तो दाराबाहेरून ऐकण्याचा कान मला तेव्हा लागला तो कायमचा. मेसन लोकांची पुस्तकं मी त्याच कानाने वाचते. मला आत जायचं नाहीये, पण आत काय म्हणतात, कसं म्हणतात, कोणाला बोलवतात आणि कोणाला नाही, ते मला ऐकायचंय.

बायकांचा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हताच म्हणा. आयर्लंडमध्ये डोनरेलच्या एलिझाबेथ सेंट लेजरची गोष्ट फार जुनी, वडिलांच्या घरी भरलेली लॉज तिने चोरून पाहिली आणि मग गुपित राखायचं तर हिलाच दीक्षा द्या म्हणून तिला आत घेतलं. फ्रान्समध्ये मारिया देरैम हिला १८८२ मध्ये एका लॉजने रीतसर घेतलं, त्यावरून गोंधळ झाला, आणि १८९३ मध्ये तिने स्त्री-पुरुष दोघांसाठी वेगळी संस्थाच काढली. ॲनी बेझंट १९०२ मध्ये तिकडे गेल्या आणि ते वारं हिंदुस्थानात आलं. इंग्लंडच्या जुन्या ग्रँड लॉजने मात्र बायकांना आत घेणं अजून मान्य केलेलं नाही, बायकांच्या लॉज वेगळ्या आहेत, त्यांच्या वेगळ्या.

आता माझ्याकडचं सगळ्यात लाडकं पुस्तक सांगते. तळहातात मावेल एवढं, निळं कापडी कव्हर, कडा एकेकाळी सोनेरी असणार. विधीचं पुस्तक आहे, रिच्युअल. आत वाक्यं इंग्रजीच आहेत पण मोक्याच्या ठिकाणी शब्दाचं फक्त पहिलं अक्षर आणि पुढे टिंबं. ज्याला येतं त्याला आठवेल, ज्याला येत नाही त्याच्या हाती काही लागणार नाही, अशी सोय. ज्याचं कुणाचं हे होतं त्याने पेन्सिलीने श्वास घ्यायच्या जागा खुणावल्यात, बारीक तिरक्या रेघा, अगदी प्रत्येक लांब वाक्यात. दोन ठिकाणी त्याने टिंबांवर पूर्ण शब्द लिहिला होता आणि मग खोडरबराने घासून काढला, इतका जोरात की कागदाचे तंतू वर आलेत. मी भिंग लावून तिथे बघत बसते. शब्द वाचायला नाही, तो वाचता येत नाहीच. शब्द विसरतोय म्हणून लिहिणारा आणि मग शपथ आठवून खोडणारा एक माणूस तिथे दिसतो, आणि तो कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात नाही. 

लंडनच्या इम्युलेशन लॉज ऑफ इंप्रूव्हमेंटमध्ये १८२३ पासून विधीचं पाठांतर तोंडी चालत आलं आणि त्यांचं अधिकृत छापील पुस्तक निघालं ते १९६९ ला! चंद्रावर माणूस उतरला त्या साली. तोपर्यंत जी काही पुस्तकं होती ती सगळी खाजगी प्रकाशकांची, कानाडोळा केलेली. 

ही पुस्तकं इंदुरात येतात कुठून, तर बरीचशी महूकडून. १८१८ ला मंदसौरचा तह झाला, होळकरांचा मुलूख इंग्रजांच्या देखरेखीखाली आला आणि महूला छावणी पडली. छावणी म्हटली की चर्च, क्लब, कबरस्तान, आणि पलटणीतल्या अधिकाऱ्यांमध्ये मेसन हमखास. हे फार जुनं आहे, आयर्लंडच्या ग्रँड लॉजने १७३२ मध्येच एका पलटणीला फिरत्या लॉजची सनद दिली होती, म्हणजे पलटण जाईल तिथे लॉज जाणार, सनद आणि सामान एका पेटीत. अशा पेट्या घेऊन ती माणसं हिंदुस्थानभर फिरली. मेरठ, अंबाला, कामठी, महू. जाताना सगळं सामान कोण नेतो? पुस्तकं बंगल्यात राहिली, बंगले विकले गेले, माळे रिकामे झाले आणि कबाडीच्या हातगाडीवरून माल आमच्या खजुरी बाजारात आला. खजुरी बाजार म्हणजे राजवाड्याजवळचा आमचा पुस्तकांचा बाजार, शाळेच्या गाइडांपासून कायद्याच्या पुस्तकांपर्यंत सगळं, आणि मागच्या बाजूला जुन्या मालवाल्यांची दोन-तीन ठिकाणं. तिथल्या एकाचा मला फोन येतो, "मॅडम, वो कंपासवाली किताब आई है, अलग रख दी है." त्याला इंग्रजी वाचता येत नाही पण कव्हरवरचं चिन्ह तो आता दुरून ओळखतो, आणि किलोच्या भावाने आलेल्या मालातून अशी बाजूला काढलेली पुस्तकं तो मला वाजवी भावात देतो. ज्याचं त्याचं ज्ञान असतं. 

जुन्या पुस्तकांचं एक आहे, जितकं जुनं तितकं दणकट, हे नवख्याला पटत नाही. अठराव्या शतकातला कागद चिंध्यांपासून केलेला, तो आजही कापडासारखा वळतो. १८८०-९० चा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यात आम्ल, तो बिस्किटासारखा तुटतो. कातडी पाठ असेल तर ती लाल भुकटी होऊन बोटाला लागते. मालव्यातली हवा कोरडी म्हणून बुरशीचा त्रास मुंबईइतका नाही, पण कसर सोडत नाही कुणाला. इथल्याच बंबई बाजारात एक चाचा आहेत, जिल्दसाज, त्यांच्या वडिलांपासूनचं काम. ते खळीत मोरचूद घालतात किडीसाठी, पिढ्यानपिढ्या तसंच चालत आलंय, मी त्यांना विनंती करून माझ्या पुस्तकांसाठी वेगळी साधी खळ करायला लावते कारण तांब्याने पुढे कागद करपतो. त्यांनी एकदा ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत, आणि पुढच्या वेळी माझ्यासाठी वेगळी वाटी तयार होती. जुजबंदी करताना, म्हणजे पानांच्या घड्या शिवताना, जुनी भोकं सोडून नवीन भोक पाडत नाहीत ते. असा हात आता कुठे मिळतो?

जमवणाऱ्यांच्या जगात सगळ्यांचा डोळा असतो १७२३ वर, १७३८ वर, बेंजामिन फ्रँकलिनने फिलाडेल्फियाला १७३४ मध्ये छापलेल्या अँडरसनवर. ते मोठ्या लिलावांचं काम. माझं मत, आणि हे मी ठामपणे मांडते, की आपल्याकडच्या माणसाने जमवायची ती पुस्तकं वेगळी: इकडच्या लॉजचे पोटनियम, सभासदांच्या याद्या, वार्षिक अहवाल, दोन आण्याला छापलेली भाषणं. दिसायला अगदी भिकार, रद्दीत पहिली जाणारी. पण हिंदुस्थानी माणसासाठी दार कसं उघडलं, कोणी उघडलं आणि कोणी अडवलं ते यांच्यातच सापडतं.

ती हकीकत वाचण्यासारखी आहे. अर्काटच्या नवाबाचा मुलगा उमदत-उल-उमरा याला १७७५ मध्ये त्रिचनापल्लीला दीक्षा मिळाली, पण तो नवाबजादा. साध्या माणसाचं काय? मुंबईत डॉक्टर जेम्स बर्न्स होता, काबूलला मारल्या गेलेल्या अलेक्झांडर बर्न्सचा भाऊ, कच्छहून सिंधच्या दरबारी जाऊन आलेला, टेंपलर सरदारांवर, म्हणजे मध्ययुगातल्या धर्मयोद्ध्यांवर, पुस्तक लिहिलेला. स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजतर्फे तो पश्चिम हिंदुस्थानचा प्रमुख होता आणि १८४३ मध्ये त्याने 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' ही लॉज काढली, खास हिंदी लोकांना घेता यावं म्हणून. आधी पारशी आले, मानेकजी करसेटजी त्यात आघाडीवर. दि. फ. वाडियांनी १९१२ मध्ये या लॉजचा इतिहास लिहिला, तो जाडजूड ग्रंथ मी मुंबईहून मागवला आणि उघडल्यावर मला रात्री झोप आली नाही. बंगालमध्ये मात्र अडवणूक चालली. हिंदू अनेक देव मानतो मग तो शपथ कोणाची घेणार, जातपात पाळतो मग बंधुभाव कसला, असे आक्षेप. यावर लंडनमध्ये इंग्लंडच्या ग्रँड लॉजचा प्रमुख ड्यूक ऑफ ससेक्स याने आधीच म्हणून ठेवलं होतं की हिंदूंची दैवतं ही एकाच परमेश्वराच्या गुणांची रूपं आहेत, पण कलकत्त्याच्या साहेबांना ते पचलं नाही. प्रसन्नकुमार दत्त नावाचे गृहस्थ वर्षानुवर्षं अर्ज करत राहिले, आणि १८७२ मध्ये 'अँकर अँड होप' लॉजने त्यांना घेतलं. बारा वर्षांनी, १८८४ च्या फेब्रुवारीत, त्याच लॉजमध्ये एकवीस वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त आला, पुढचा विवेकानंद. प्रसन्नकुमार चिकाटीने दार ठोठावत राहिले नसते तर ते दार नरेंद्रनाथला उघडं मिळालं असतं का, मला शंका आहे.

मघाशी म्हटलं तशा भिकार चोपड्यांपैकी एक माझ्याकडे आहे, मध्य हिंदुस्थानातल्या एका छावणीतल्या लॉजचे पोटनियम, सोळा पानं, कव्हर गेलेलं. पहिल्याच नियमात आहे की सभा पौर्णिमेच्या जवळच्या शनिवारी. इंग्लंडातही ही चाल होती, रात्री उशिरा टांग्याने, घोड्यावरून परतताना चांदणं असावं म्हणून. मग वर्गणी, मग पाहुण्यांचं जेवण कोणाच्या खर्चाने, मग धर्मादाय निधी, विधवांना मदत. शेवटी सभासद: सर्जन, रेल्वेचे इंजिनियर, कमिसारिएटमधले, म्हणजे लष्कराच्या रसद खात्यातले, साहेब, दोन पारशी व्यापारी. आणि अगदी तळाला, छापील यादी संपल्यावर, शाईने लिहिलेलं एक मराठी आडनाव, पुढे हुद्दा होळकर दरबारचा. हात नीट, वळणदार, बोरूची सवय असलेला. तो गृहस्थ पौर्णिमेच्या शनिवारी साहेबांच्या शेजारी खुर्चीवर बसला असेल, बंधू म्हणून हाक मारली असेल त्याला त्यांनी, आणि सोमवारी कचेरीत त्याच साहेबांसमोर तो उभा राहिला असेल. शनिवारची बरोबरी सोमवारपर्यंत टिकत होती का? पुस्तकात नाही ते. पण शनिवारी तरी ती होती याचा पुरावा माझ्या कपाटात आहे, आणि त्या काळात शनिवारी तरी असणं ही काही लहान गोष्ट नव्हती. घरी जाऊन बायकोला त्याने काय सांगितलं असेल, हेही मनात येतंच.

आज भारतातल्या लॉजमध्ये, १९६१ ला दिल्लीत स्थापन झालेल्या आपल्या स्वतंत्र ग्रँड लॉजच्या छत्राखाली, सभा सुरू होताना गीता, कुराण, बायबल, अवेस्ता, ग्रंथसाहिब एकाच वेळी उघडून ठेवतात. अँडरसनचा तो पहिला नियम इतका पुढे आला. तिसरा तिथेच आहे. दोन्ही एकाच पुस्तकात छापलेले होते हे विसरू नये म्हणूनसुद्धा ते पुस्तक जवळ असायला हवं.

आणि जमवून काय करायचं, हा प्रश्न मुलगी विचारते. तिला मी जर्मनीचं सांगते. १९३५ मध्ये नाझींनी तिथल्या सगळ्या लॉज बंद केल्या आणि त्यांची ग्रंथालयं उचलली, पुढे जिंकलेल्या देशांतलीही, शत्रूचा अभ्यास करायला म्हणून. क्लोस नावाच्या जर्मन डॉक्टरने एकोणिसाव्या शतकात जमवलेला संग्रह हॉलंडमध्ये होता, तोही नेला. युद्ध संपताना ती पुस्तकं वाड्यांमधून, तळघरांमधून सापडली. क्लोसचा संग्रह घरी परत गेला; पोलंडमध्ये पोझनानच्या विद्यापीठाकडे सुमारे ८०,००० पुस्तकं राहिली आणि आज तिथे जाऊन कोणीही वाचू शकतं. द्वेषाने गोळा केलेली पुस्तकंसुद्धा शेवटी वाचकाकडेच आली, तर जिव्हाळ्याने गोळा केलेली का नाही येणार? माझं कपाट मी एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला देणार आहे, बोलणी चालू आहेत, अट एकच आहे की पातळ चोपडी जाड ग्रंथांपासून वेगळी काढायची नाहीत आणि रद्दी ठरवायची नाहीत. यादी मी मराठीत करतेय, प्रत्येक पुस्तकावर कोणाची सही, कुठल्या दुकानाचा शिक्का, कुठल्या पानावर पेन्सिल, सगळं लिहून.

इंदूर, महू, देवास, उज्जैन इकडच्या मंडळींना एक मागणं आहे. रामबागेतली, नारायण बागेतली जुनी घरं पडतायत, माळे रिकामे होतायत. पणजोबांच्या पेटीत निळ्या काठाचं पांढरं कातडी ॲप्रन निघालं, गळ्यात घालायची पट्टी निघाली, किंवा टिंबाटिंबांचं छोटं इंग्रजी पुस्तक निघालं, तर ते कबाडीला देण्याआधी दोन गोष्टी करा. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा गोंद वर्षानुवर्षं कागद खातो. आणि पहिलं पान, शेवटचं पान आणि सभासदांची यादी असेल तर तिची सगळी पानं, उजेडात, फ्लॅश न लावता फोटो काढून ठेवा. पुस्तक मला नाही दिलंत तरी चालेल. यादीतली नावं मला हवीत, विशेषतः तळाला शाईने लिहिलेली.